माझ्या खांद्यातला नाना

खांदा दुखायला लागला की माणूस आधी तेल लावतो, मग शेजाऱ्याचं ऐकतो, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरकडं जातो. मी हे सगळं याच क्रमानं केलं. वर डॉक्टरांसमोर एक विनोदही केला. तेल दोन दिवसांत उतरलं. विनोद मात्र अडीच वर्षं अंगावर राहिला.

ज्यांचा खांदा फौजेच्या नोकरीत गेला आणि आता ज्यांच्या घरी इंग्रजी पत्रं यायला लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला औषधातलं कळत नाही आणि कायद्यातलं त्याहून कमी. मला फक्त चुका माहीत आहेत. त्या सगळ्या माझ्या स्वतःच्या असल्यामुळं त्यांची खात्री देऊ शकतो.

शर्ट नाही, खांदा

मी तेव्हा हवालदार होतो. उत्तरेकडच्या एका बर्फातल्या चौकीवर रॉकेलचे कॅन खालून वर आणायची ड्यूटी होती. बाकीचे पाठीवर नीट बांधून आणायचे. मी कन्नड तालुक्यातल्या डोंगरातला धनगर. पोरांना म्हटलं, "आमच्याकडं लंगडी मेंढी खांद्यावर टाकून घाट चढतात, याला काय होतंय?" आणि कॅन उजव्या खांद्यावर टाकून निघालो. चौथ्या पावलाला घसरलो. पडताना शहाणा माणूस ओझं सोडतो. मी कॅन वाचवला. खाली दगड होता, त्याच्यावर खांदा टेकला. कॅनला पोचाही आला नाही.

एवढी बढाई मारल्यावर सांगायचं कसं? दोन दिवस गप्प बसलो. लंगरमधल्या आचाऱ्याकडून मोहरीच्या तेलानं चोळून घेतलं. तिसऱ्या दिवशी साहेब चौकीवर आले आणि माझा उजवा हात छातीच्या वर जाईना. मी डाव्या हातानं सॅल्यूट ठोकला. साहेब लाल झाले. मग मी पांढरा झालो. त्यांनी जवळ येऊन उजवा हात धरून नुसता हलवला आणि मी जी बोंब मारली, त्यावर मला खाली दवाखान्यात धाडलं.

तिथं मशिनीत घालून फोटो काढले. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "फटा हुआ है."

मी शर्टाची बाही बघितली.

"शर्ट नहीं," ते म्हणाले, "कंधा." आत सांधा धरून ठेवणारा जो पट्टा असतो, तो फाटला होता. मला तेव्हाही नीट कळलं नाही. माणूस फाटतो कसा? आमच्यात फाटते ती घोंगडी.

कुणाचा तरी हात

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर अंथरुणात माझ्या शेजारी एक हात होता. डाव्या हातानं चाचपला. गरम होता, जड होता, आणि माझा नव्हता. घाबरून नर्सबाईंना हाक मारली, "सिस्टर, किसी का हाथ यहाँ रह गया है."

केरळच्या होत्या त्या. शांतपणे म्हणाल्या, "आपका ही है. शाम तक जागेगा."

हात संध्याकाळी जागा झाला आणि मग आठ दिवस त्यानं मला झोपू दिलं नाही. हसत सांगतोय खरं, पण त्या दुपारी मी लई भ्यालो होतो. सतरा वर्षं ज्या हातानं रायफल धरली तो हात परक्यासारखा शेजारी झोपला होता.

दवाखान्यात दिवस कसे जातात? सकाळी सहाला तापमान, सातला चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर छत. हात गळ्यात झोळीत अडकवलेला. डाव्या हातानं डाळ खायला शिकलो, म्हणजे शर्टाला खाऊ घालायला शिकलो. बाजूच्या खाटेवर एक गढवाली जवान होता, पाय प्लास्टरमध्ये. तो माझी पोळी तोडून द्यायचा, मी त्याला पाणी आणून द्यायचो. दोघं मिळून एक अख्खा शिपाई होत होतो.

सुटताना एक कागद मिळाला. आजारपणाच्या रजेवर गावी आलो तेव्हा तो नानांकडं दिला. नाना म्हणजे माझे वडील. आख्खं गाव त्यांना नानाच म्हणतं.

"काय हाय यात?" नानांनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

"काय नाय, सुट्टीचा कागद हाय. ठेवा."

आणि मी तो कागद विसरलो. या वाक्यावर बोट ठेवून पुढं वाचा.

तो विनोद

खांदा पुरता बरा झाला नाही. मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि मला घरी पाठवायचं ठरलं. जाण्याआधी मेडिकल बोर्ड बसतं. तीन डॉक्टर, समोर मी, बाजूला लिहून घेणारा क्लार्क. खांदा किती टक्के गेला आणि कशामुळं गेला, हे ते ठरवतात. त्यावर अपंगत्वाची पेन्शन ठरते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, निरोपाचा कार्यक्रम आहे.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "ये तकलीफ कब से है?"

सरळ उत्तर होतं. अमुक चौकी, तमुक महिना, बर्फ, कॅन. पण समोर तीन माणसं ऐकायला बसली की माझ्या जिभेला खाज सुटते. मी म्हटलं, "साब, धनगर का कंधा है. बचपन से भेड़ें उठाई हैं. ये तो पैदा ही दुखता हुआ हुआ था!"

तिघंही हसले. मीही हसलो. फक्त क्लार्क हसला नाही. तो लिहीत होता.

पुंडलिकनगर

रिटायर होऊन आलो तो दुष्काळाचा काळ. पुंडलिकनगरात आमचं दोन खोल्यांचं घर. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, मोकळ्या प्लॉटवर रोज नवा पाया खणला जात होता, आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. टँकर आला की गल्लीत लढाई. बायका हंडे घेऊन पळायच्या आणि मी, आर्मीतून आलेला सहा फुटी गडी, दारात उभा राहून बघायचो. उजव्या हातानं रिकामा हंडाही उचलवत नव्हता.

शेजारच्या काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "सुमन, तुझे फौजी फक्त टँकरला सलामी द्यायला उभे राहतात का गं?"

सुमन हसली. घरात येऊन हंडा आदळला. "अहो, निदान हसू तरी नका दारात उभं राहून," म्हणाली. त्या दिवसापासून टँकरच्या वेळी मी आतल्या खोलीत बसायला लागलो. चोरासारखा.

त्यातच गावची विहीर आटली. नानांनी कळप विकला, एकच म्हातारी मेंढी ठेवली, आणि तिला घेऊन जीपनं पुंडलिकनगरात आले. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर मेंढी बांधली. फिजिओच्या मॅडमनी मला एक व्यायाम दिला होता: भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी चालवत वर वर न्यायची. नाना बघत बसायचे. एके दिवशी उठले, मेंढरांवर खूण करायचा गेरूचा खडा पिशवीतून काढला आणि माझी बोटं जिथं थांबली तिथं भिंतीवर रेघ ओढली.

"नाना, आत्ता दिवाळीला रंग दिलाय!" सुमन ओरडली.

"असूं दे. त्याला कळायला पायजे काल कुठवर गेला व्हता." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "लक्ष्या, मला खांदा देताना उजव्या अंगाला नको उभा ऱ्हाऊ बाबा. पाडशील."

नाना आलाय

पत्र आलं ते असं, तीन पानांचं इंग्रजी. मी पहिल्या पानावर माझं नाव वाचलं, शेवटच्या पानावर शिक्का वाचला, मधलं सगळं बर्फासारखं पांढरं. पत्र घेऊन माजी सैनिकांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूंनी पानं चाळली आणि म्हणाले, "तुमच्यात नाना आलाय."

"कुठं?" मी मागं वळून दाराकडं बघितलं. "मी तर त्यांना घरी सोडून आलो."

"अहो, केसमध्ये. नाना लागलाय म्हणून पेन्शनचा क्लेम गेला."

आता मला घाम फुटला. नानांनी काय केलं? त्यांना साधी सही येत नाही. त्यांनी माझ्याविरुद्ध अर्ज कसा दिला, कुणाकडून लिहून घेतला, आणि का? भिंतीवरच्या रेघेवरून सुमन ओरडली म्हणून?

"साहेब, म्हातारं माणूस आहे, त्याचं मनावर घेऊ नका," मी हात जोडले, म्हणजे एक जोडला.

कोपऱ्यातल्या टेबलावर सुभेदार पठाण बसायचे. पंधरा वर्षांपूर्वी रिटायर झालेले, हौसेनं लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. ते हसून हसून खोकायला लागले. "अरे मियाँ, तेरे अब्बा नक्को, ये कागद का नाना! एन, ए, एन, ए. नौकरी से हुआ भी नहीं, नौकरी से बढ़ा भी नहीं. इंग्रेजी में उसकू नाना बोलते."

मग त्यांनी कारणाची ओळ वाचून दाखवली. लहानपणापासून जनावरं उचलल्यामुळं भरतीच्या आधीपासूनच खांद्याचा विकार, असं अर्जदारानं स्वतः सांगितलं आहे.

"ये किस गधे ने बोल्या?" पठाण साहेबांनी विचारलं.

मी ऑफिसातल्या पंख्याकडं बघत राहिलो.

खोड

घरी येऊन हा किस्सा मी सुमनला रंगवून सांगितला. नाना आलाय, मी दाराकडं बघितलं, वगैरे. सुमन हसली. नाना दारात बसून ऐकत होते. ते हसले नाहीत.

"त्यात काय लिवलंय म्हणला? आधीपासनं मोडका व्हता?"

"तसंच काहीतरी, नाना. मी गमतीत बोललो होतो."

"म्हंजी म्या मोडका दिला व्हय सरकारला? ल्हानपनी मेंढरं उचलाय लावून?"

नाना उठले, प्लॉटवर मेंढीजवळ जाऊन बसले. जेवायला आले नाहीत.

बाहेरच्या माणसाला हे उमगायचं नाही, म्हणून सांगतो. कन्नडच्या आठवडी बाजारात जनावर विकताना नानांची एक रीत होती. घेणाऱ्यानं भाव करायच्या आधी नाना स्वतः त्याची खोड सांगायचे. ही डाव्या डोळ्यानं अधू हाय. हिला दूध कमी हाय. ही लंगडत नाय पर थंडीत अवघडती. लोक हसायचे, भाव पडायचा, आणि तरी माणसं दुसऱ्या गावाहून नानांचं मेंढरू शोधत यायची. आयुष्यभर त्यांनी खोड लपवून एक जनावर दिलं नाही. आणि आता सरकारी शिक्का मारलेल्या कागदावर होतं की त्यांनी पोरगं खोड लपवून दिलं. ते माझ्याच तोंडानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना एसटी धरून गावाला निघून गेले. मेंढी आमच्याकडं ठेवून. भिंतीवर रेघ ओढायला कुणी नव्हतं.

तोपर्यंत मला पेन्शन हवी होती. आता मला ती ओळ खोडायची होती.

अपील, म्हणजे चुकांची यादी

अपिलाला मुदत असते. त्यातले चार महिने मी कसे घालवले ते ऐका. पहिलं अपील चुकीच्या ऑफिसला पाठवलं. त्यांनी कळवलं, हे आमचं काम नाही. दुसऱ्यात एक्स-रे जोडला, तो डाव्या खांद्याचा निघाला. शहरात एका डॉक्टरांनी तुलनेसाठी काढलेला. डावा खांदा उत्तम होता. तिसऱ्या मसुद्यात मी दोन पानं भरून चौकी, बर्फ, कॅन, सॅल्यूट सगळं लिहिलं. पठाण साहेबांनी चष्मा काढला.

"लछमन, ये अपील है के मुशायरा?"

"साहेब, झालं तसं लिहिलंय."

"तू फिर हसवायला बघतोस. मियाँ, जिस मुँह से बिगड्या, उसी मुँह से सुधारना. लिख: मैंने मजाक किया था. बस."

ते एक वाक्य लिहायला मला आख्खी दुपार लागली. माझ्या विनोदाला विनोद म्हणून अर्जात नोंदवायचं. याहून मोठी बेइज्जती विनोदाची नसेल.

पण पठाण साहेबांनी पुढं विचारलं, "पुरावा? पडला त्याचा कागद?" चौकीवर नोंद नव्हती. मी दोन दिवस लपवलं होतं ना! पलटणीला पत्र टाकलं, उत्तर येत नव्हतं. भरतीच्या वेळी मी फिट होतो हे त्यांच्याच कागदात होतं, ते आम्ही मागितलं. पण ड्यूटीवर पडलो हे सांगणारं माझ्याजवळ काही नव्हतं. मुदत संपायला तीन आठवडे होते. मला वाटलं, संपलं.

मग एका दुपारी नाना परत आले. काखेत एक पत्र्याचा डबा. मला न बोलता डबा समोर ठेवला. उघडला तर आत बाजाराच्या पावत्या. पिवळ्या, पांढऱ्या, उंदरानं कुरतडलेल्या. नानांनी आयुष्यभर विकलेल्या मेंढरांच्या.

"हे तुझ्या सायबाला दाव," नाना म्हणाले. "म्हनावं, यातल्या एकाबी गिऱ्हाइकाला इचार. म्या खोड लपवून दिली का."

सुमननं पदर डोळ्याला लावला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, त्यामुळं तोंड कसंतरीच झालं. आता फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला मेंढरांच्या पावत्या पाठवायच्या? पण नानांसमोर नाही म्हणायची छाती नव्हती. एकेक पावती सरळ करून ठेवायला लागलो. तळाशी, मेंढरांना सुई टोचल्याच्या कार्डाखाली, एक घडी केलेला कागद होता. वर दवाखान्याचा शिक्का.

माझा सुट्टीचा कागद. दवाखान्यात दाखल होण्याचं कारण लिहिलं होतं: ड्यूटीवर ओझं नेताना बर्फावर घसरून पडला, उजवा खांदा.

"नाना, हा कागद!"

"तूच म्हनला व्हता ठिव म्हनून," नाना म्हणाले. "म्या ठिवला."

कब से है?

अपिलावर पुन्हा बोर्ड बसलं. पुण्याला बोलावलं. नाना हट्टानं सोबत आले, आत सोडलं नाही तर बाहेर बाकावर बसून राहिले, डबा मांडीवर घेऊन.

आत पुन्हा तीन डॉक्टर. पुन्हा क्लार्क. हात वर करायला लावला, मागं न्यायला लावला, दाबून बघितला. मग मोठ्या डॉक्टर कागद बघत म्हणाल्या, "यहाँ लिखा है बचपन में भेड़ें उठाते थे."

माझ्या जिभेवर एक उत्तर आलं. फार चांगलं होतं. अजून आठवतंय, पण सांगणार नाही.

"जी मॅडम, उठाता था," मी म्हटलं. "और भर्ती के मैदान में लोहे के डंडे पर लटककर इसी कंधे से दस बीम मारे थे. कंधा ठीक था. बर्फ में ड्यूटी पर गिरा, तब से ऐसा है. पहले बोर्ड में मैंने मजाक किया था. गलती मेरी थी."

कुणी हसलं नाही. क्लार्क लिहीत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी न हसल्याचं बरं वाटलं.

बाहेर आलो. नानांनी विचारलं, "पावत्या मागितल्या का?"

"नाही."

"मागतील," नाना म्हणाले आणि डबा घट्ट धरला.

कागद

पुढं सात महिने काही नाही. दोन पाऊस झाले, तेही नावालाच. शेजारच्या प्लॉटवर पाया खणायला लागले, म्हणून मेंढी आमच्या जिन्याखाली आली. सुमन भिंतीवरच्या गेरूच्या रेघांवर चिडायची थांबली होती. उलट पाहुणे आले की दाखवायची, "ही दिवाळीची, ही संक्रांतीची." मी टँकरच्या वेळी पुन्हा दारात उभा राहायला लागलो होतो. डाव्या हातानं अर्धा हंडा न्यायचो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सलामी संपली वाटतं!"

मग पाकीट आलं. तीन पानं. एवढ्या अर्जांत मी थोडं इंग्रजी वाचायला शिकलो होतो, पण घाबरलो की शिकलेलं सगळं वितळतं. एकच ओळ चार वेळा वाचली आणि चारही वेळा वेगळा अर्थ लागला. सायकल काढली, पठाण साहेबांकडं गेलो. डावा हात हँडलवर, उजवा मांडीवर, पत्र दातात.

त्यांनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"साहेब, नाना आहे का?"

"नाना गया रे," ते म्हणाले. "नौकरी से हुआ, लिख्या है. खांदा बरा नाही होणार, ये भी लिख्या है. मगर नाना गया."

घरी आलो. नाना जिन्याखाली मेंढीच्या खुराला तेल लावत होते. मी पायरीवर बसलो. सांगायची सुरुवात कशी करावी हेच कळेना. "नाना गेला" असं म्हटलं तर सुमन आतून किंचाळत आली असती.

"नाना, कागद आला."

हात थांबला. "ती वळ हाय का त्यात?"

"नाही. ती ओळ काढली. भरतीला खांदा धड होता, नोकरीत गेला, असं लिहिलंय. आणि आता पुरता बरा होणार नाही, असंही लिहिलंय."

नानांनी खुरावरचं तेल बोटानं सारखं केलं.

"म्हंजी आपुन धड दिला व्हता," ते म्हणाले. "आन त्यांनी परत देताना खोड सांगितली."

"व्हय."

"मग झालं. येवहार सरळ झाला."

त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला, खिशातून गेरूचा खडा काढला आणि आत जायला उठले.

"चल, बोटं चालव. परवापासनं रेघ एकाच जागी हाय."